गोपाळरावांचे सयाजीराव

श्रीमंत महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्यावर लिहावयाचे म्हणजे त्यांच्या सुधारणांची नामावळी द्यावयाची, असा प्रघात पडला आहे. बडोद्याच्या मराठी वाचकास ती मुखोद्गत असते. तो पुरुष घडला कसा, हा प्रश्न मात्र मागेच राहतो.

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे येथे १८६३ साली काशीराव गायकवाड या शेतकऱ्याच्या घरी गोपाळरावांचा जन्म झाला. बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण असे जवळजवळ नव्हतेच. १८७५ साली मल्हारराव पदच्युत झाले आणि खंडेरावांच्या विधवा महाराणी जमनाबाई यांनी या मुलास दत्तक घेतले. कशासाठी आलास, असे विचारता आपण राज्य करावयास आलो आहोत असे त्याने सांगितले, अशी आख्यायिका आहे. ती गोड आहे. पण त्या वयाच्या खेडवळ मुलास राज्य म्हणजे काय हे उमगले असेल, असे मानणे कठीण. एका विधीने त्याचे नाव बदलले, आई बदलली, घर बदलले. ज्या वयात मूल स्वतःस ओळखू लागते, त्याच वयात त्याला आपली ओळख नव्याने शिकावी लागली.

मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी या चार भाषांचा अभ्यास एकदमच सुरू झाला. इलियट हे शिक्षक होते, तर दिवाण सर टी. माधवराव यांनी राज्यकारभारावर व्याख्याने दिली. १८८१ च्या डिसेंबरात, अवघ्या अठराव्या वर्षी, पूर्ण राज्याधिकार हाती आले. या घाईची किंमत शरीराने मोजली असावी. निद्रानाशाने ते त्रस्त झाले आणि १८८७ साली प्रकृतीसाठी प्रथम युरोपास गेले. त्याआधीच, १८८५ साली, पहिल्या पत्नी चिमणाबाई निवर्तल्या होत्या.

सयाजीराव हे गुरूंनी घडविलेले राजे, असे म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. अक्षरापासून वंचित राहणे म्हणजे काय, हे कोणत्याही गुरूने त्यांना शिकविले नव्हते. ते कवळाण्याचे देणे होते. १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. १९१० साली अमेरिकेतून बोर्डन यांस पाचारण करून ग्रंथालयांची योजना आखली गेली. गावाने वर्गणी जमवावी, तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने व तेवढीच सरकारने घालावी, अशी ती व्यवस्था होती. गावाचा वाटा मागण्यात खेड्याच्या स्वभावाची जाण दिसते. फुकट आलेल्या वस्तूस खेडे आपली मानत नाही. १९१३ साली तरुण भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी शिष्यवृत्ती मिळाली, तीही याच दरबारातून.

घडण येथेच थांबली, असे मात्र नव्हे. १९११ च्या दिल्ली दरबारात पुरेसे अलंकार न घालता, एकदाच लवून ते वळले, याचा इंग्रजांनी केवढा गहजब केला! पुढे त्यांना लेखी खुलासा करावा लागला. स्वाभिमानी पुरुष आणि मांडलिक राजा हे एकाच देहात नांदत होते आणि त्यांचे सदैव पटत असे असे नाही. थोरले युवराज फत्तेसिंहराव १९०८ साली गेले, पुढे शिवाजीराव व जयसिंहरावही गेले. ज्याने परक्या मुलांसाठी शाळा उघडल्या, त्याला आपले तीन पुत्र गमवावे लागले. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. तोवर पुस्तकांच्या पेट्या बडोदे संस्थानच्या खेड्यापाड्यांतून फिरत होत्या.