डॉक्टरांच्या मनाचे डॉक्टर : मायकेल बालिंट

दुखण्याला नाव सापडत नाही, औषध लागू पडत नाही आणि रोगी तर दर आठवड्याला दारात हजर. अशा वेळी भल्या डॉक्टरांच्याही कपाळाला आठी पडते. ही आठी लपवायची, असाच वैद्यकाचा जुना रिवाज. ती न लपवता चार समव्यवसायी मंडळींत बसून तिचा अर्थ लावण्याची रीत डॉ. मायकेल बालिंट यांनी घालून दिली. त्यांच्या चरित्राची ओळख आपल्या वाचकांना व्हावी, म्हणून हा लेख.

बालिंट यांचा जन्म ३ डिसेंबर १८९६ रोजी हंगेरीतील बुडापेस्ट शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. वडील तेथेच साधी डॉक्टरकी करीत. घराण्याचे मूळ आडनाव बर्ग्समन. ते टाकून मुलाने बालिंट हे हंगेरियन नाव घेतले. वडिलांना ते रुचले नाही. वैद्यकाचा वारसा मात्र मुलाने सोडला नाही. शिक्षण चालू असतानाच पहिले महायुद्ध आले. आघाडीवर जाऊन, हाताला दुखापत होऊन ते परतले. १९१७ साली आलीस नावाच्या विद्यार्थिनीने त्यांना फ्रॉइडचा एक ग्रंथ वाचावयास दिला. पुढे तिच्याशी त्यांचा विवाह झाला आणि ग्रंथातल्या विद्येशीही जन्माची गाठ पडली. काही वर्षे बर्लिनला शिकून १९२४ मध्ये दोघे बुडापेस्टला परतली आणि बालिंट हे फेरेन्झी या थोर मनोविश्लेषकाचे शिष्य झाले. आपल्याकडे कलकत्त्यास गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये मनोविश्लेषणाची संस्था काढली, तो हाच काळ.

रोग्याविषयी चिकित्सकाच्या मनात काय उमटते, याकडे बुडापेस्टच्या मंडळींचे विशेष लक्ष असे. बालिंट यांनी तेच सूत्र गल्लीबोळांतल्या साध्या डॉक्टरांपर्यंत नेण्याचे ठरवले आणि १९३० नंतरच्या दशकात त्यांच्या बैठका सुरू केल्या. पण राजवट संशयी होती. बैठकीत पोलीस येऊन बसू लागले, बोलणे टिपून घेऊ लागले. पोलिसासमोर मन कोण उघडे करणार? बैठका बंद पडल्या.

१९३९ मध्ये बालिंट सहकुटुंब इंग्लंडात मँचेस्टर येथे आले. त्याच वर्षी चिकित्सकाच्या भावनांविषयी पतिपत्नींनी मिळून लिहिलेला निबंध प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी आलीस वारल्या. पुढे हंगेरीतल्या नाझींच्या हाती पडण्यापेक्षा मरण बरे म्हणून त्यांच्या आईवडिलांनी आपल्या हातांनी जीवन संपवले. नावावरून दुखावलेल्या वडिलांची पुन्हा भेट व्हावयाची ती आता कायमची राहिली.

युद्धानंतर ते लंडनच्या टॅव्हिस्टॉक चिकित्सालयात काम करू लागले. तेथे एनिड नावाच्या विदुषी समाजसेविकांच्या अशाच बैठका घेत असत. पुढे १९५३ मध्ये त्या बालिंट यांच्या पत्नी झाल्या. १९५० च्या सुमारास बालिंट यांनी साध्या डॉक्टरांची बैठक पुन्हा मांडली. रीत अगदी सोपी. आठवड्यातून एकदा आठ-दहा जणांनी जमायचे. एकाने आपला एखादा अवघड रोगी, कागद न बघता, आठवेल तसा सांगायचा. मग सर्वांनी विचार करायचा तो रोगाचा नव्हे, तर त्या दोघांमधल्या नात्याचा. डॉक्टरला राग का आला? दया का आली? रोग्याला लवकर वाटेला लावावेसे का वाटले? पुष्कळदा त्या रागातच रोग्याच्या न बोललेल्या दुःखाचा पत्ता लागे. रोग्याला एका तज्ज्ञाकडून दुसऱ्याकडे धाडीत राहिले म्हणजे शेवटी जबाबदारी कोणाचीच उरत नाही, हेही या बैठकांत उघड झाले. डॉक्टर स्वतःच सर्वांत अधिक वापरले जाणारे औषध आहे आणि त्याची मात्रा कोणत्याच पुस्तकात दिलेली नाही, असा त्यांचा सिद्धांत होता. मात्र डॉक्टरच्या घरगुती आयुष्याची चिरफाड तेथे होत नसे. ती मर्यादा ते कटाक्षाने पाळीत.

गाणे शिकवण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना हे परके वाटू नये. एखाद्या विद्यार्थ्याचा सूर नेमका त्याच जागी पुन्हापुन्हा उतरतो आणि मी चिडतो. घरी आल्यावर उमगते की त्या जागी मी स्वतःच पूर्वी घाबरत असे. तंबोरा आधी आपला जुळवावा, मग दुसऱ्याच्या सुराला नावे ठेवावीत. पण आपला तंबोरा उतरला आहे, हे एकट्याला बसून कळत नाही. शेजारी जाणता कान लागतो. बालिंट यांनी डॉक्टरांना तो कान मिळवून दिला.

१९५७ मध्ये या बैठकांवरील त्यांचा ग्रंथ निघाला आणि त्याची अनेक भाषांत भाषांतरे झाली. १९६८ मध्ये ते ब्रिटनच्या मनोविश्लेषण संस्थेचे अध्यक्ष झाले. ३१ डिसेंबर १९७० रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. आज अनेक देशांत डॉक्टरच नव्हेत, तर मानसोपचार करणारेही अशा बैठकांत बसतात आणि त्या बालिंट यांच्याच नावाने ओळखल्या जातात. वडिलांचे नाव या मुलाने टाकले खरे. परंतु वडिलांसारख्या साध्या, एकाकी डॉक्टरांचा भार हलका करण्यात त्याने आपले उत्तरायुष्य वेचले. पितृऋण फेडण्याची ही तऱ्हा आपल्या संस्कारांना परकी नाही.