माकडं सोळा की अठ्ठेचाळीस? वर्गसमीकरणं शिकवणारे भास्कराचार्य

दहावीच्या बीजगणितात वर्गसमीकरणांचा धडा आला की घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. सूत्र पाठ आहे, अवयवही पाडता येतात, पण हे सगळं कशासाठी ते काही कळत नाही. बाजाराचा हिशेब बेरीज-वजाबाकीत होतो, व्याज टक्केवारीत निघतं, मग हा क्षचा वर्ग मध्येच आला कुठून? असं विचारणाऱ्या मुलांना भास्कराचार्यांची ओळख करून द्यायला हवी. जवळपास नऊशे वर्षांपूर्वी त्यांनी हाच धडा शिकवला, आणि तोही माकडांच्या, भुंग्यांच्या, अर्जुनाच्या बाणांच्या गोष्टी सांगत.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ.स. १११४. वडील महेश्वर स्वतः ज्योतिषी होते आणि मुलाचे गुरूही तेच. आपलं गाव सह्याद्रीच्या परिसरातलं विज्जडविड, असं भास्कराचार्यांनीच लिहून ठेवलंय. आता हे विज्जडविड नेमकं कुठलं, यावर आपल्याकडे वाद रंगतो. नावातल्या सारखेपणामुळे अनेकजण ते विजापूर मानतात. पण विजापूर पडलं सपाटीवर, सह्याद्री तिथून लांब. दुसरी बाजू बोट दाखवते ती जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या पाटणकडे. तिथे त्यांच्या नातवाचा शिलालेखच आहे, त्याबद्दल पुढे येईलच. एक गोष्ट मात्र भांडताना आपण विसरतो. १११४ मध्ये ना आजचं कर्नाटक होतं ना आजचा महाराष्ट्र. कल्याणीच्या, म्हणजे बिदर जिल्ह्यातल्या आजच्या बसवकल्याणच्या चालुक्यांची सत्ता दोन्हीकडे चालत होती.

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ पूर्ण केला. त्याचे चार भाग: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. पहिला अंकगणिताचा, दुसरा नावाप्रमाणेच बीजगणिताचा, उरलेले दोन ज्योतिषाचे. एकोणसत्तराव्या वर्षी, ११८३ मध्ये, करणकुतूहल हा पंचांगाच्या गणिताचा सुटसुटीत ग्रंथही त्यांनी लिहिला. लीलावती ही त्यांची मुलगी आणि घटिकापात्रात मोती अडकून तिच्या लग्नाचा मुहूर्त टळला, ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. ती त्यांच्या ग्रंथात नाही. अकबरासाठी फैजीनं १५८७ मध्ये लीलावतीचं फारसी भाषांतर केलं, त्यात ती येते.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. बीजगणितात एक उदाहरण आहे. माकडांच्या एका कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग केला, तर तेवढी माकडं रानात खेळतायत. उरलेली १२ टेकडीवर बसून ओरडतायत. एकूण माकडं किती?

कळपाला क्ष म्हणू. आठव्या भागाचा वर्ग अधिक १२ बरोबर क्ष. दोन्ही बाजूंना ६४ नं गुणून मांडलं की मिळतं:

क्ष² − ६४क्ष + ७६८ = ०

आजची मुलं याचे अवयव पाडतील. गुणाकार ७६८ आणि बेरीज ६४ येईल अशा दोन संख्या शोधायच्या. त्या आहेत ४८ आणि १६. म्हणून (क्ष − ४८)(क्ष − १६) = ०. दोन संख्यांचा गुणाकार शून्य आला, तर त्यातली एक तरी शून्य असलीच पाहिजे. म्हणून क्ष ४८ किंवा १६.

पण प्रत्येक समीकरणाचे अवयव असे सहज पडत नाहीत. भास्कराचार्यांची रीत कुठेही चालणारी होती. तिचं नाव मध्यमाहरण, म्हणजे मधलं पद घालवणं. इथे क्ष² − ६४क्ष = −७६८ असं मांडायचं आणि ६४ च्या निम्म्याचा, म्हणजे ३२ चा वर्ग १०२४ दोन्हीकडे मिळवायचा. डावीकडे (क्ष − ३२) चा पूर्ण वर्ग तयार होतो, उजवीकडे उरतात २५६. वर्गमूळ १६. धन संख्येचा वर्ग धन आणि ऋण संख्येचाही वर्ग धनच, म्हणून मूळ अधिक १६ किंवा उणे १६. ३२ अधिक १६ म्हणजे ४८, ३२ वजा १६ म्हणजे १६. बघा, उत्तरं तीच आली.

वर्गाचा सहगुणक १ नसेल तेव्हा अपूर्णांकांचा त्रास होऊ नये, म्हणून आणखी एक युक्ती त्यांनी दिली आहे. आधी दोन्ही बाजूंना त्या सहगुणकाच्या चौपटीनं गुणायचं, मग मधल्या पदाच्या मूळ सहगुणकाचा वर्ग मिळवायचा. आपण पाठ करतो ते सूत्र यातूनच निघतं. पण ही युक्ती आपली नाही, श्रीधराचार्यांची आहे, हे त्यांनी नाव घेऊन नोंदवलं. श्रीधराचार्यांचा बीजगणितावरचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. भास्कराचार्यांच्या या प्रामाणिक नोंदीमुळे तो नियम टिकला.

आता राहिला खरा प्रश्न. माकडं ४८ की १६? दोन्ही संख्या गोष्टीत घालून बघा. ४८ चा आठवा भाग ६, त्याचा वर्ग ३६, अधिक १२ म्हणजे ४८. जमलं. १६ चा आठवा भाग २, वर्ग ४, अधिक १२ म्हणजे १६. हेही जमलं! इथे दोन्ही उत्तरं खरी.

लगेच पुढे ते दुसरा कळप आणतात. कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून वर्ग केला, तेवढी माकडं गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसतंय. समीकरण येतं क्ष² − ५५क्ष + २५० = ०. अवयव (क्ष − ५०)(क्ष − ५). म्हणजे ५० किंवा ५. पन्नासचा पाचवा भाग १०, वजा ३ म्हणजे ७, वर्ग ४९, अधिक १ म्हणजे ५०. ठीक. पाचचा पाचवा भाग १, त्यातून ३ गेले तर उणे २. आकडेमोडीत तेही बसतं, कारण उणे दोनचा वर्ग ४ आणि अधिक १ म्हणजे ५. पण उणे दोन माकडं कुणी पाहिली आहेत? म्हणून भास्कराचार्यांनी ५ हे उत्तर सोडून दिलं.

धड्याचं मर्म इथे आहे. समीकरण दोन उत्तरं देतं. त्यातलं कुठलं घ्यायचं ते समीकरण सांगत नाही, ते मूळ गोष्टीला विचारावं लागतं. आपली मुलं अवयव पाडून दोन्ही किमती लिहितात आणि पुढच्या गणिताला लागतात. पडताळा घ्यायचा राहतो, आणि मग सगळंच निरर्थक वाटायला लागतं.

त्यांचं काम पुढे कसं टिकलं, तेही सांगायला हवं. मुलगा लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपाल यानं पाटणहून नेऊन दरबारात मानाचं स्थान दिलं. नातू चांगदेव राजा सिंघणाचा ज्योतिषी झाला. या चांगदेवानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणला मठ काढला. त्याचा शके ११२८ चा शिलालेख मूळच्या गोव्यातल्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. लेख बराचसा संस्कृत, पण शेवटी मठाच्या उत्पन्नाची यादी आहे ती जुन्या मराठीत. बाजारातल्या गिऱ्हाइकाकडून ठरावीक हिस्सा, पाच सुपाऱ्या, चालत्या घाण्यामागे पळीभर तेल, असा तो हिशेब.

म्हणजे वर्गसमीकरणं शिकवण्याचा खर्च गावच्या बाजारानं उचलला होता. राजाचं आणि सामंतांचं पाठबळ होतंच, पण तेल तेल्याच्या घाण्याचं होतं. आज आपल्या गावोगावच्या मराठी शाळांत गणिताला शिक्षक मिळावा, वर्ग चालू राहावा, यासाठी बाजारपेठ काय देते, याचाही एकदा हिशेब व्हावा. भास्कराचार्य विजापूरचे की पाटणचे, हा वाद चालू राहील. ते कुठलेही असोत, त्यांचं गणित ज्या शाळेत पडताळा घेऊन शिकवलं जाईल, ती शाळा त्यांची.