देवळालीचे कापरेकर मास्तर



अवयव पाडण्याचे प्रकरण सुरू झाले की मुले कंटाळतात आणि पालक याचा पुढे उपयोग काय, असे विचारतात. आमचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. तेथे यालाच गुणनखंड म्हणत. धास्ती मात्र तीच. म्हणून या अंकात आम्ही एका शाळामास्तरांची ओळख करून देत आहोत.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ते आठ वर्षांचे असताना आई वारली. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाची आवड, त्यामुळे आकडेमोड घरातच होती. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्यात फर्ग्युसन. तेथे १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९३० ते १९६२ त्यांनी नाशिकजवळ देवळालीत शिक्षकी केली. देवळाली हे आपल्या बेळगावासारखेच लष्करी छावणीचे गाव. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठात जागा नाही. तरी संख्यांचा नाद सुटला नाही.

आता त्यांच्या एका शोधात अवयव कसे येतात ते पाहा. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे २० आणि २५ असे दोन भाग केले तर बेरीज पुन्हा ४५! अशा संख्यांना आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात. दोन अंकी संख्यांत अशा किती? संख्या क्ष, तिच्या वर्गाचे दोन भाग अ आणि ब माना.

क्ष² = १००अ + ब
क्ष = अ + ब

वजाबाकी केली की क्ष² − क्ष = ९९अ. डाव्या बाजूचे अवयव पाडा: क्ष(क्ष − १) = ९९अ. क्ष आणि क्ष − १ या लागोपाठच्या संख्या, त्यांत १ खेरीज सामाईक अवयव नसतो. म्हणून ९९ मधील ९ संपूर्ण एकीतच जाणार आणि ११ ही एकीतच. ४४ मध्ये ११ आहे, ४५ मध्ये ९. तसेच ५४ आणि ५५. दोन्ही एकीतच आले तर ९९. संपले! ४५, ५५ आणि ९९, चौथी नाही. नव्वद वर्ग करण्याचे काम एका ओळीने वाचले.

रसायनशास्त्रात लिथियम, सोडियम, पोटॅशियम गुणांवरून एका गणात बसतात. मास्तरांनीही संख्यांची अशी कुळे लावली. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणारी ती हर्षद संख्या, उदाहरणार्थ १२.

१९४९ साली त्यांनी ६१७४ चे कोडे मांडले. सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्या, मोठ्या मांडणीतून लहान वजा करा, असे पुन्हा पुन्हा करा. ३५२४ वरून ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. सातांहून अधिक पायऱ्या कधीच लागत नाहीत. आपल्याकडील काही गणितज्ञांना हा पोरखेळ वाटला. आम्हांस हे आजही खटकते. १९६६ साली पत्नी वारली. पेन्शन पुरेना, म्हणून ते शिकवण्या घेत. मार्च १९७५ मध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले, तेव्हा नाव सर्वत्र झाले. १९८६ साली त्यांचे निधन झाले.

१५ मध्ये तिचेच अंक १ व ५ मिळवले की २१ होतात. २० मात्र कोणत्याही संख्येपासून अशी मिळत नाही. अशा संख्यांना मास्तरांनी आपल्या गावाचे नाव दिले: देवळाली संख्या. २० नंतरची कोणती, ते मुलांनी शोधावे.