कॉर्नेलिया सोराबजी : पडद्याआडच्या बायांची वकील

महिला दिनाच्या भाषणात मुलं सावित्रीबाई सांगतात, आनंदीबाई जोशी सांगतात. नाशिकच्या कॉर्नेलियाचं नाव क्वचितच येतं. सहावी-सातवीच्या मुलांना समजेल असं हे चरित्र आहे.

कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिक येथे झाला. वडील पारशी घरातून ख्रिस्ती झालेले पाद्री. आई फ्रान्सिना यांनी पुण्यात शाळा काढल्या, म्हणजे घर आपल्यासारखंच, शिक्षकाचं! पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून कॉर्नेलिया मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. विलायतेच्या सरकारी शिष्यवृत्तीएवढे गुण होते, पण बाई म्हणून ती नाकारली गेली. मग इंग्लंडमधल्या काही लोकांनी पैसे जमवले आणि १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डला पोहोचल्या. १८९२ मध्ये तिथली कायद्याची परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पदवी मात्र १९२२ मध्ये मिळाली, तब्बल ३० वर्षांनी.

खरी गोष्ट इथून पुढे आहे. त्या काळी जमीनदार-संस्थानिकांच्या घरातल्या अनेक स्त्रिया पडद्यात राहत. परपुरुषासमोर यायचं नाही आणि वकील तर सगळे पुरुष! जमीन नावावर असायची, पण कागदात काय लिहिलंय ते कारभारी किंवा दीर सांगेल तेच खरं. विधवा बाईची मालमत्ता अशीच हातातून जायची. कायद्याने दाद मागता येत होती हो, पण ती मागणार कोणामार्फत?

कॉर्नेलिया सरळ आत जाऊन या बायांशी बोलू शकत होत्या. पण कोर्टात उभं राहायची सनद त्यांना नव्हती! फौजदारी खटल्यात न्यायाधीशाच्या परवानगीने सनद नसलेली व्यक्तीही आरोपीची बाजू मांडू शकत असे. त्याच वाटेने १८९६ मध्ये पुण्यात एका खुनाच्या खटल्यात त्या आरोपीच्या बाजूने उभ्या राहिल्या. पुढे मुंबईची एलएलबी झाली, अलाहाबाद हायकोर्टाची परीक्षा झाली, तरी सनद नाहीच.

१९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये त्यांची नेमणूक झाली. हे खातं अज्ञान वारस आणि स्त्रियांच्या इस्टेटी सांभाळायचं. पुढे बिहार, ओरिसा, आसामपर्यंत फिरून त्यांनी सुमारे ६०० स्त्रिया आणि अनाथ मुलांची प्रकरणं हाताळली.

१९२३ च्या कायद्याने स्त्रियांना वकिलीची परवानगी मिळाली. तेव्हा त्या छप्पन वर्षांच्या होत्या. कलकत्त्यात वकिली सुरू केली, पण पुरुष वकिलांनी त्यांना फारसं पुढे येऊ दिलं नाही. १९२९ नंतर त्या लंडनला गेल्या. गांधीजींच्या चळवळीला त्यांचा विरोध होता, हेही मुलांना सांगावं. लपवण्याचं कारण नाही. ६ जुलै १९५४ रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं.

अमेरिकेत गरीब आरोपीला सरकारने वकील द्यावा हा मोठा निकाल १९६३ चा. आपल्याकडे १९८७ च्या विधी सेवा कायद्याने कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. मुकुटबनसारख्या गावातल्या बाईनेही त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. पालक सभेत माता-पालकांना एवढं जरूर सांगा.