बचावाची बाजू घेणारा प्राध्यापक

गळीत हंगाम सुरू झाला की बारामती आणि इंदापूर तालुक्यांचे रूप पालटते. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील साखर कारखान्यांकडे उसाच्या गाड्यांच्या रांगा लागतात, मराठवाड्यातून आलेल्या ऊसतोड मजुरांच्या कोप्या फडालगत उभ्या राहतात आणि पुणे-सोलापूर महामार्गावर इंदापूरनजीक मालमोटारींची वर्दळ रात्रभर थांबत नाही. घरदार मागे टाकून महिनोन्महिने दूर राहणारी माणसे जेथे एकत्र येतात, तेथे एचआयव्हीचा धोका वाढतो. दोष माणसांचा नसून त्यांच्या जगण्याच्या तऱ्हेचा असतो. म्हणूनच ट्रकचालक आणि स्थलांतरित मजूर यांच्याकडे एड्स नियंत्रण कार्यक्रमाने आरंभापासून विशेष लक्ष दिले.

अशा जोखमीत वावरणाऱ्या, परंतु लागण न झालेल्या व्यक्तीसाठी आता प्रतिबंधक गोळी आहे. टेनोफोव्हिर आणि एमट्रिसिटाबिन या दोन औषधांच्या या गोळीला अमेरिकेने २०१२ साली प्रतिबंधासाठी मान्यता दिली आणि २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मोठी जोखीम असलेल्या सर्वांसाठी तिची शिफारस केली. रक्ततपासणी करून ती नियमित घेतली, तर लैंगिक संबंधांतून होणाऱ्या लागणीचा धोका सुमारे ९९ टक्क्यांनी घटतो. औषध सिद्ध झाले, तरी एक आक्षेप मात्र सुटला नाही. धडधाकट माणसाला आजाराचे भय उरले नाही तर तो स्वैर वागेल, असे तो सांगतो. हा आक्षेप फार जुना आहे. शंभर वर्षांपूर्वी मुंबईतील गणिताच्या एका प्राध्यापकाने तो अंगावर घेतला आणि त्यापायी आपली नोकरी घालवली.

रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणातील मुरूड येथे झाला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते थोरले चिरंजीव. रघुनाथ नऊ वर्षांचे असताना आई राधाबाई गेल्या आणि दोन वर्षांनी वडिलांनी विधवेशी विवाह करून समाजाचा रोष ओढवून घेतला. बहिष्काराची धग त्यांनी बालपणीच अनुभवली होती. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून १८९९ साली ते मॅट्रिकला पहिले आले, फर्ग्युसन कॉलेजातून पदवीधर झाले आणि पुढे गणित शिकवू लागले. वडिलांनी विधवांसाठी आश्रम काढला, मुलाने मात्र त्याहून अवघड, उच्चारायलाही लाज वाटावी असा विषय निवडला.

१९१९ साली उच्च शिक्षणासाठी ते पॅरिसला गेले. याच शहरातील पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मेचनिकॉव्ह आणि रू या शास्त्रज्ञांनी १९०६ साली एक महत्त्वाचा प्रयोग केला होता. पाऱ्याचे मलम संसर्गानंतर लवकर चोळले, तर उपदंश, म्हणजे आपल्याकडे जिला गरमी म्हणत ती, टाळता येते, हे त्यांनी दाखवून दिले. वैद्यकशाखेच्या एका विद्यार्थ्याने त्यासाठी स्वतःच्या शरीरात रोगाचे विष टोचून घेतले होते. आजच्या प्रतिबंधक गोळीचा हा दूरचा पूर्वज म्हणायला हरकत नाही. मात्र अशा उपायाने अनीतीला मोकळे रान मिळेल, अशी ओरड तेव्हाही झालीच. पुढे महायुद्धात सैनिकांतील गुप्तरोगांनी पलटणी आडव्या पडू लागल्या, तेव्हा अनेक सैन्यांनी नीतीचा वाद बाजूला ठेवून असे मलम वापरले. कर्वे पॅरिसमध्ये पोहोचले तेव्हा ते युद्ध नुकतेच संपले होते.

परतल्यावर १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र निघाले तेही त्याच वर्षी. संततिनियमनावर त्यांनी पुस्तक लिहिले आणि गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावर स्वतंत्र पुस्तकही लिहिले. रोग हा पापाचा दंड आहे, ही समजूत त्यांना मान्य नव्हती. जंतूला नीती कळत नाही, तेव्हा त्याला अडवणारा उपाय नीतिमंतासाठी वेगळा आणि इतरांसाठी वेगळा असण्याचे कारण नाही, असा त्यांचा सरळ हिशेब होता. ते तेव्हा विल्सन कॉलेजात शिकवत होते. ही मते त्यांनी उघडपणे मांडताच मिशनरी चालकांनी त्यांना राजीनामा द्यायला लावला.

जुलै १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढले. वाचकांच्या प्रश्नांना दिलेली रोखठोक उत्तरे हा त्याचा गाभा. डॉक्टरापुढे तोंड उघडता येत नाही असे प्रश्न तेथे टपालाने येत आणि उपदेश न करता त्यांची उत्तरे छापली जात. त्याची किंमतही मोजावी लागली. व्यभिचारावरील लेखाबद्दल १९३१ साली त्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ साली हस्तमैथुन आणि समलैंगिकतेवरील वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे दिल्याबद्दल ते पुन्हा न्यायालयात उभे राहिले. या वेळी त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले होते. बाजू भक्कम मांडली गेली, तरीही दोनशे रुपये दंड झालाच. खटला चालवणाऱ्यांची नावे आज कोणाच्या लक्षात नाहीत. ज्यांच्या प्रश्नांना उत्तर देणे तेव्हा गुन्हा ठरला, त्या समलैंगिक पुरुषांनाच आज जगभर प्रतिबंधक गोळी आधी देऊ केली जाते.

कर्व्यांना दोषमुक्त ठरवण्याचे कारण नाही. त्यांचे बोलणे कडवट होते, तर्काखेरीज दुसरे काही ते मानत नसत आणि त्यामुळे सहानुभूती असलेलेही दुरावत. त्यांचे मासिक शहरी, सुशिक्षित घरांपुरतेच राहिले. उसाच्या फडापर्यंत किंवा गिरणगावातील खोल्यांपर्यंत ते फारसे गेले नाही. केवळ माहिती छापल्याने जोखमीतला माणूस ती घ्यायला येत नाही, त्याच्यापर्यंत जावे लागते. ते काम पुढच्या पिढ्यांवर पडले. कर्व्यांच्याच नात्यातील शकुंतला परांजपे यांनी पुण्यात संततिनियमनाचे काम नेटाने केले आणि पुढे त्या राज्यसभेत गेल्या. बारामती-इंदापूर परिसरात एखादी आरोग्यसेविका कोपीपाशी बसून तपासणीबद्दल बोलते, तेव्हा कर्व्यांकडून जे राहून गेले तेच ती करत असते.

मासिक कधी फायद्यात गेले नाही. पत्नी मालतीबाईंनी संसाराची ओढाताण सोसली; अपत्य नको हा निर्णय दोघांचा होता. निबर मनाने, एकहाती म्हणावे असे, सव्वीस वर्षे कर्व्यांनी अंक काढले. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी त्यांचे निधन झाले. 'समाजस्वास्थ्य'चा अखेरचा अंक त्यानंतर, नोव्हेंबरमध्ये निघाला.