नाना फडणवीस : एका बालकाचे पालकत्व

बाळाजी जनार्दन भानू ऊर्फ नाना फडणवीस यांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी सातारा येथे झाला. मुत्सद्दी म्हणून त्यांची ख्याती सर्वश्रुत आहे. त्यांच्या चरित्राला आकार दिला तो मात्र एका बालकाच्या रक्षणाने.

वयाच्या एकोणिसाव्या वर्षी पानिपतच्या रणातून ते जीव वाचवून परतले. त्या धामधुमीत मातोश्री कायमच्या अंतरल्या. या अनुभवाचे त्यांनी लिहिलेले आत्मवृत्त मराठी गद्यातील मोलाचा ठेवा होय. ते पानिपताच्या प्रसंगापाशीच थांबते. पुढे घडले ते त्यांनी तितक्या मोकळेपणाने सांगितले नाही.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा वध केला. रामशास्त्री प्रभुणे यांनी चुलते रघुनाथराव यांना दोषी ठरविले. तरी पेशवाई त्यांच्याच हाती होती. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गर्भवती होत्या. रघुनाथराव स्वारीवर असताना नाना व त्यांच्या सहकाऱ्यांनी, म्हणजेच बारभाईंनी, १७७४ च्या आरंभी गंगाबाईंना पुरंदर किल्ल्यावर नेले. तेथे १८ एप्रिल रोजी सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि चाळीस दिवसांच्या या बालकाला पेशवाईची वस्त्रे मिळाली. विरोधकांनी त्याच्या जन्माविषयीच संशय पसरविला. रघुनाथरावांनी मार्च १७७५ मध्ये सुरतेस इंग्रजांशी तह केला; युद्ध पेटले ते १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत.

या दुहीने नागपूरकर भोसल्यांचे घरही दुभंगले. साबाजी बारभाईंकडे, तर मुधोजी रघुनाथरावांकडे झुकले. १७७५ च्या जानेवारीत पाचगावच्या लढाईत साबाजी मारले गेले. आजचे भिलाई ज्या छत्तीसगढात आहे, तेथे त्या वेळी त्यांचेच बंधू बिंबाजी रतनपूरहून कारभार पाहत होते.

१७७७ मध्ये गंगाबाई निवर्तल्या आणि बालकाचा सारा भार नानांवर आला. रघुनाथराव १७८३ मध्ये वारले. पहारा मात्र सैल झाला नाही. जी दक्षता तान्ह्या मुलाला तारक ठरली, तीच तरुण पेशव्याला जाचक झाली. कैदेतील बाजीरावांशी, म्हणजे रघुनाथरावांच्याच पुत्राशी, त्याचा गुप्त पत्रव्यवहार उघडकीस आल्यावर निर्बंध वाढले. २५ ऑक्टोबर १७९५ रोजी सवाई माधवराव शनिवारवाड्यात वरून खाली पडले व दोन दिवसांनी, अवघ्या एकविसाव्या वर्षी, मरण पावले. ज्याच्या पित्यापासून त्यांना वाचविले, तोच बाजीराव पुढे पेशवा झाला. नानांनाही काही काळ कैद भोगावी लागली. १३ मार्च १८०० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी या मृत्यूवर नाटक लिहिले. १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये नाना सर्वस्वी निराळ्या रूपात अवतरले. त्यांच्या आत्मवृत्ताने जे मौन राखले, त्याच मौनात मराठी नाटकाने वारंवार प्रवेश केला. रक्षण कोठे संपते आणि बंदिवास कोठे सुरू होतो, हा नानांच्या आयुष्याने मागे ठेवलेला प्रश्न अद्याप निकाली निघालेला नाही.