आसफ फैजी : मुस्लिम कायदा शिकवणारे मुंबईचे उस्ताद

निकाह, मेहर, तलाक, वारसा हे विषय आपल्या प्रत्येक घरात कधी ना कधी निघतात. पण बोलणं बहुतेक वेळा ऐकीव माहितीवर चालतं. कुणी म्हणतं शरीयतमध्ये असं आहे, दुसरा म्हणतो कोर्टात तसं आहे, आणि घरातली मुलगी गप्प बसून ऐकत राहते. भारतातल्या लॉ कॉलेजांमध्ये मात्र या विषयावर एक पुस्तक कितीतरी पिढ्यांनी वाचलं आहे. ते लिहिणारा माणूस आपल्या माथेरानला जन्मला, मुंबईत वाढला आणि मुंबईतच शिकवत राहिला. तरी त्याचं नाव आपल्या मुलांना माहीत नसतं. म्हणून आज मरहूम आसफ अली असगर फैजी यांची ओळख करून देण्याचं आम्ही ठरवलं.

घराणं आणि शिक्षण

फैजीसाहेबांचा जन्म १० एप्रिल १८९९ चा. घर सुलेमानी बोहरा जमातीचं. काँग्रेसचे पहिले मुस्लिम अध्यक्ष बद्रुद्दीन तय्यबजी यांच्या घराण्याशी फैजी कुटुंबाचं नातं होतं. मुरुड-जंजिऱ्याच्या नाझली बेगम आणि लेखिका अतिया फैजी याच कुटुंबातल्या. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या घरातल्या मुली शिकत होत्या, लिहीत होत्या, परदेशी जात होत्या. बाई शिकली तर दीन बिघडतो, हा समज ज्या घरात टिकलाच नाही, अशा घरात हा मुलगा मोठा झाला. पुढे त्यांनी बायकांच्या हक्कांवर जे लिहिलं, त्याची मुळं इथेही शोधता येतात.

मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिक्षण झालं, कायद्याची पदवी मिळाली. मग केंब्रिजला जाऊन त्यांनी अरबी आणि फारसीचा अभ्यास केला. तिथे निकोल्सन आणि ब्राउन यांच्यासारखे नावाजलेले उस्ताद त्यांना लाभले. बॅरिस्टर होऊन ते परतले आणि १९२६ पासून मुंबई हायकोर्टात वकिली करू लागले. एका हातात कायद्याची पुस्तकं आणि दुसऱ्या हातात अरबी हस्तलिखितं, असा हा वकील होता. असं जोडकाम करणारी माणसं तेव्हाही मोजकीच होती.

वकील ते मुदर्रिस

१९३८ मध्ये ते मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्रिन्सिपल झाले. त्यांच्या आधी काही वर्षं याच खुर्चीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. फैजीसाहेब १९४७ पर्यंत तिथे राहिले. तो काळ कसा होता हे सांगायला नको. बाहेर देशाच्या फाळणीची चर्चा चालली होती आणि आत वर्गात हा प्रिन्सिपल सगळ्या धर्मांच्या मुलांना मुस्लिम कायदा शिकवत होता. आम्हीही पेशाने शिक्षक आहोत, म्हणून त्यांच्या आयुष्यातली ही नऊ वर्षं आम्हाला सर्वांत मोलाची वाटतात.

स्वातंत्र्यानंतर त्यांना मोठी पदं मिळाली. १९४९ ते १९५१ ते इजिप्तमध्ये भारताचे राजदूत होते, नंतर केंद्रीय लोकसेवा आयोगाचे सदस्य झाले, आणि १९५७ ते १९६० जम्मू-काश्मीर विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. पण या सगळ्या पदांपेक्षा त्यांचं नाव टिकलं ते १९४९ च्या एका पुस्तकामुळे.

ते पुस्तक काय सांगतं

आउटलाइन्स ऑफ मुहम्मडन लॉ हे त्या पुस्तकाचं नाव. त्यांच्या हयातीतच त्याच्या चार आवृत्त्या निघाल्या आणि नंतर प्रा. ताहिर महमूद यांनी ते सुधारून पुन्हा काढलं. पुस्तक विद्यार्थ्यांसाठी लिहिलेलं आहे, म्हणून भाषा साफ आणि मुद्देसूद.

त्यांनी आधी हे समजावलं की भारतातल्या कोर्टात जो मुस्लिम कायदा चालतो, तो जसाच्या तसा फिकहच्या किताबांतून आलेला नाही. इंग्रज जजांना अरबी येत नव्हती. हिदाया हा हनफी ग्रंथ आधी अरबीतून फारसीत आला, त्या फारसीवरून हॅमिल्टनने तो इंग्रजीत केला, आणि तो १७९१ मध्ये छापला गेला. अशा अनुवादांवर निकाल दिले गेले. वर इंग्रजी न्यायाच्या कल्पना मिसळल्या, कुठे स्थानिक रिवाज मिसळले. म्हणजे आपण ज्याला शरीयत समजून वाद घालतो, त्यातला काही भाग कोर्टांनी घडवलेला आहे. हा फरक कळल्याशिवाय बदलाच्या बाजूने बोलणारा आणि विरोधात बोलणारा, दोघेही अंधारात बोलतात.

दुसरी गोष्ट रिवाजाची. १९३७ च्या शरीयत कायद्याआधी देशाच्या कितीतरी भागांत मुस्लिम घरांतही रिवाज चालायचा आणि मुलीला वारसा मिळत नसे. कुरआनने मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा ठरवून दिला, तो रिवाजाने काढून घेतला. १९३७ च्या कायद्याने कोर्टात शरीयतला रिवाजाच्या वर ठेवलं, पण शेतजमीन त्यातून वगळली गेली. गावाकडची खरी मिळकत तर शेतीच असते.

तिसरी गोष्ट तलाकची. हनफी मतानुसार ज्या बाईचा नवरा बेपत्ता झाला, तिला जवळजवळ जन्मभर वाट पाहावी लागत असे. मालिकी मत चार वर्षांची मुदत देतं. उलेमांनीच हा मार्ग दाखवला आणि १९३९ चा कायदा झाला. नवरा चार वर्षं बेपत्ता असेल, दोन वर्षं खर्च देत नसेल, जुलूम करत असेल, तर बाई कोर्टातून निकाह तोडून घेऊ शकते. एका मसलकमध्ये अडचण असेल तर दुसऱ्या मसलकमधून वाट काढता येते, याचं हे चांगलं उदाहरण आहे.

अल्पसंख्याकांतले अल्पसंख्याक

फैजीसाहेब स्वतः छोट्या जमातीचे. मुस्लिम माणूस कोर्टात आला की तो सुन्नी हनफी असावा असं धरून चालायची कोर्टांची रीत आहे. इस्माईली फिकहचे मूळ ग्रंथ तर जमातीच्या बाहेर फार कुणाला दिसतच नव्हते. फैजीसाहेबांनी फातिमी काळातले काझी नुमान यांचा दआइमुल इस्लाम हा मोठा ग्रंथ संपादित केला. तो काहिराहून दोन खंडांत निघाला, पहिला खंड १९५१ मध्ये. आपल्याकडची इस्माईली हस्तलिखितं त्यांनी मुंबई विद्यापीठाला देऊन टाकली. घरात कुलूप लावून ठेवलेला इल्म त्यांनी सगळ्यांसाठी खुला केला.

या अभ्यासाचा उपयोग साध्या माणसाला काय, असं कुणी विचारेल. एक उदाहरण घ्या. बापाच्या मागे एकच मुलगी आहे, दुसरा वारस फक्त चुलता. सुन्नी कायद्यात मुलीला निम्मं मिळतं आणि उरलेलं चुलत्याकडे जातं. शिया कायद्यात सगळं मुलीला मिळतं. दोन्ही बाजू कुरआनच मानतात, तरी निकाल वेगळा. मुस्लिम कायदा म्हणजे एकच एक साचा नाही, हे यावरून लगेच कळतं.

वादाचा मुद्दा

१९६३ मध्ये त्यांचं अ मॉडर्न अप्रोच टू इस्लाम हे पुस्तक आलं. त्यात त्यांनी दीन आणि कायदा वेगळे करून पाहिले. अल्लाहशी बंद्याचं नातं कायम राहतं, पण माणसामाणसांतल्या व्यवहाराचे नियम काळाप्रमाणे बदलतात, असं त्यांचं म्हणणं थोडक्यात सांगता येईल.

अनेक उलेमांना हे पटलं नाही आणि आजही पटत नाही. त्यांचा आक्षेप हलका नाही. शरीयत दीनपासून तोडायची तर कुठे तोडायची, आणि ते ठरवणार कोण? सरकारने ठरवलं तर अल्पसंख्याकांच्या ओळखीचं काय? २०१७ चा सुप्रीम कोर्टाचा तीन तलाकचा निकाल आणि २०१९ चा कायदा आला, तेव्हा हेच प्रश्न पुन्हा आपल्या मोहल्ल्यांत ऐकू आले. दुसऱ्या बाजूला प्रश्न असा की, जमातीची ओळख जपण्याची किंमत दर वेळी जमातीतल्या बाईनेच का मोजायची? हे दोन्ही प्रश्न खरे आहेत. फैजीसाहेबांचं प्रत्येक मत मान्य करायला हवं असं आम्ही म्हणत नाही. पण त्यांनी हा वाद नाऱ्यांतून काढून किताबांवर आणला, हे त्यांचे विरोधकही नाकारू शकणार नाहीत.

आपण काय घ्यावं

फैजीसाहेब १९८१ मध्ये मुंबईत अल्लाहला प्यारे झाले. त्यांच्या आयुष्यातून आपल्या घरांनी उचलावं असं बरंच आहे. निकाह हा करार आहे आणि त्यात वाजवी अटी लिहिता येतात, हे त्यांचं पुस्तक स्पष्ट सांगतं. मग निकाहनाम्यात फक्त नावं आणि मेहरचा आकडा भरून आपण मोकळे का होतो? मुलीचं शिक्षण पुढे चालेल, नोकरी करता येईल, तलाकचा हक्क काही अटींवर तिच्याकडेही राहील, हे लिहायला शरीयत अडवत नाही. अडवते ती आपली लाज.

वारशाचंही तसंच. बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेताना आपण नात्याचा वास्ता देतो. तो हिस्सा कुणा सरकारने दिलेला नाही, तो कुरआनने दिलेला आहे. घरात बारावी झालेली हुशार मुलगी किंवा मुलगा असेल तर डॉक्टर-इंजिनीअरसोबत कायद्याच्या शिक्षणाचाही विचार करा. अरबी-उर्दू येणारे आणि कोर्टाची भाषाही जाणणारे वकील आज आपल्याला हवे आहेत.

अल्लाह फैजीसाहेबांची मगफिरत करो आणि आपल्या मुलांना त्यांच्यासारखी इल्मची भूक देवो. आमीन.